सकाळी सहा की दुपारी चार?

ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात व्याख्यानाला येणाऱ्या वक्त्याला एक गोष्ट कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवी. इथे प्रश्नोत्तरं व्याख्यानाच्या आधी होतात. वक्ता माइकपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचं गाव कोणतं, आडनावावरून आपले कोण लागतात, लग्न झालं का, झालं असेल तर सासर कुठलं, हे सगळं काढून झालेलं असतं. मग तो बोलतो. शेवटी "काही शंका?" म्हणाला की कुणी तोंड उघडत नाही, कारण तोवर चहा आलेला असतो.

कामठीच्या आमच्या मंडळात गेल्या पावसाळ्यात नागपूरहून एक तरुण डॉक्टरबाई आल्या. विषय स्मृतिभ्रंशाचा होता, आणि त्याचा धोका कमी करायला गावातल्या गावात काय करता येईल याचा. मधुमेह, गुडघे, मृत्युपत्र या आमच्या नेहमीच्या विषयांना जेवढी माणसं जमतात त्याच्या दुप्पट जमली. मृत्युपत्राला तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. मरणाची भीती साठीनंतर हळूहळू सैल होत जाते, पण आपल्याच नातवाला "तू कोणाचा रे?" असं विचारायची वेळ येईल, ही भीती काही सुटत नाही.

बाईंनी सुरुवात चांगली केली. म्हणाल्या, विसरणारा प्रत्येक माणूस स्मृतिभ्रंशाचा रोगी नसतो. बी-१२ कमी असलं, थायरॉईड बिघडलं, मनात उदासी साचली, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, तरी माणूस विसरायला लागतो, आणि हे उपचारांनी बरंच सुधारतं. तेव्हा आधी तपासा, मग घाबरा. रेल्वेवाले बापू लगेच शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "पाहा जी, मी म्हटलं नव्हतं? मले बी-बाराच होये." त्यांनी तपासणी अजून केलेली नाही. रोग मात्र पसंत केला.

मग त्यांनी चौदा कारणं सांगितली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली ही यादी दिली. ही चौदाही कारणं दूर करता आली, तर जगातले ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील असा त्यांचा हिशोब. २०२० च्या यादीत कारणं बारा होती. नंतर वाईट कोलेस्टेरॉल आणि अधू नजर यांची भर पडली. बाई एकेक कारण वाचू लागल्या तसे सभेत लोक बोटांवर आपापली मोजू लागले. सुभेदारांची नऊ निघाली, बँकवाल्यांची सात. सुभेदारांना आपण जिंकलो असं वाटलं आणि ते बँकवाल्यांकडे बघून हसले.

काही कारणं आमच्या हातून केव्हाच निसटलेली. लहानपणी शिक्षण कमी, हे यादीतलं एक. शाळेत वर्षं जास्त गेली की मेंदूची शिल्लक जास्त, असं बाई म्हणाल्या, आणि 'शिल्लक' ऐकून बँकवाल्यांनी मान डोलावली. आता सत्तरीत सातवीच्या वर्गात आम्हाला कोण बसवून घेणार? पण हे ऐकताना मला बाबू हरदास आठवले. ते कामठीचेच. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना जातं. इथल्या बिडी कामगारांची संघटना त्यांनी बांधली आणि १९३९ साली, ऐन पस्तिशीत, ते गेले. याच माणसाने १९२७ मध्ये कामठीत रात्रशाळा काढली होती आणि तिच्यात मुलांबरोबर मुलीही होत्या. त्या पोरी रात्री अक्षरं गिरवताना पन्नास-साठ वर्षांनंतरच्या आपल्या डोक्याची बेगमी करत होत्या, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि बाबूंनाही. स्मृतिभ्रंश रोखणारा कामठीतला पहिला सार्वजनिक कार्यक्रम कोणता असं कुणी विचारलं, तर मी त्या रात्रशाळेचं नाव सांगेन. उद्घाटनाला आरोग्य खात्याचं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

खरा गोंधळ कानांवरून झाला. कमी ऐकू येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी सात टक्के आहेत, यादीत सर्वात जास्त. कोलेस्टेरॉलवर आमच्याकडे वाद झाला नाही. तर्रीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर पोह्यांची बशी परत करणारं हे गाव. वाद कोणत्या तोंडाने घालणार? पण कान म्हटल्यावर सगळे उसळले. "मले सारं ऐकू येते," सुभेदार म्हणाले, "आजकालचे पोट्टेच तोंडातल्या तोंडात बोलते." त्यांच्या मागे बसलेल्यांनी हे वाक्य त्यांच्याबरोबरच म्हटलं, इतकं ते पाठ आहे. सुभेदारांना काही ते ऐकू आलं नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, ऐकू कमी आलं की मेंदूचा सगळा जोर शब्द पकडण्यात जातो आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. दुसरं म्हणजे, माणूस हळूहळू गप्पांतून बाहेर पडतो. आधी सगळे हसतात म्हणून हसतो, मग हसायचं सोडतो, मग यायचं सोडतो. हे त्या बोलल्या तेव्हा मात्र सभा गप्प झाली, कारण असे न येणारे चार चेहरे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आले. यंत्र लावल्याने फरक पडतो का? अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, २०२३ साली निकाल आला. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही; पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांची घसरण यंत्रामुळे जवळजवळ निम्म्याने मंदावली. बाईंनी निकालाच्या दोन्ही बाजू सांगितल्या हे मला आवडलं. आमच्या मोबाईलवर बदामाचे आणि ब्राह्मीचे जे संदेश येतात, त्यांना दुसरी बाजू कधी नसते.

चष्म्याची कुणाला लाज वाटत नाही, यंत्राचीच का वाटते, हे मला कळलेलं नाही. चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो आणि यंत्र लावलं की म्हातारा, असं काहीतरी डोक्यात बसलं असावं. सुभेदारांच्या मुलाने त्यांना यंत्र आणून दिलं आहे. ते डबीसकट देवघरात आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये थेट बँकेत मिळतात. तीन हजारांत कानाचं बरं यंत्र येईल का, हा वेगळा प्रश्न. पण मंडळात चौकशी केली तर त्या पैशांतून चष्मे आले होते, गुडघ्याचे पट्टे आले होते, एका घरी कमोडची खुर्ची आली होती. कानाचं यंत्र एकही नाही.

भाषेचा विषय निघाला तेव्हा मात्र आमच्या छात्या फुगल्या. कामठीची छावणी १८२१ ची. मद्रासच्या पलटणी इथे येऊन राहिल्या आणि त्यांच्याबरोबर तमीळ-तेलुगू आली. गावात उर्दू-हिंदी, घरात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. गोराबाजारात वाढलेल्या माणसाला राग आला की तो कोणत्या भाषेत येईल हे सांगता येत नाही. आणि बाई सांगत होत्या की हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठत होता. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. रनाळ्याहून येणारे भाईजान उठून म्हणाले, "डॉक्टरसाहिबा, हमारे यहाँ तो चार चलती हैं, अठारा साल हो गए!" बाईंनी हिशोब मोडून काढला. दोनाहून जास्त भाषांचा जादा फायदा त्या अभ्यासात आढळला नव्हता. म्हणजे आमची तिसरी आणि चौथी भाषा निव्वळ हौस.

यापुढचा भाग मला सर्वात जवळचा. फिनलंडमध्ये साठ ते सत्याहत्तर वयाच्या १,२६० लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि रक्तदाबावर नजर अशी चौफेर शिस्त लावली, आणि त्यांची बुद्धी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा बरी राहिली. हे २०१५ चं. मग अमेरिकेत २,१११ लोकांवर तसाच प्रयोग झाला आणि २०२५ च्या जुलैत निकाल आला. तिथे दोन गट होते. एकाला दोन वर्षांत अडतीस बैठका, सोबत मार्गदर्शक, ठरलेला व्यायाम. दुसऱ्याला सहाच बैठका, बाकी तुमचं तुम्ही बघा. दोन्ही गट सुधारले, पहिला थोडा जास्त.

"अडतीस?" बँकवाले म्हणाले. "दोन वर्षांत? अहो, आम्ही सव्वा महिन्यात उरकतो."

"पण तुमच्या बैठकीत व्यायाम कोणता असतो?" बाईंनी विचारलं.

"भांडतो ना जी!"

हशा झाला, बाईही हसल्या, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. त्या बैठकांत माणसं एकमेकांना विचारतात की या आठवड्यात किती चाललास, रक्तदाब किती, मीठ कमी केलंस का. आमच्याकडे रक्तदाबाचा आकडा सांगतात, पण चढाओढीसाठी. कुणी एकशे साठ म्हणाला की दुसरा एकशे सत्तरने त्याला गप्प करतो. गोळी घेतलीस का, असं विचारायचं राहूनच जातं.

तरी आपल्या मुलखाला असल्या गोष्टी शिकवायला फिनलंडच हवं होतं असं मला वाटत नाही. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी चार माणसं जमवून बागेत हसायला सुरुवात केली आणि ते लोण जगभर गेलं. आमच्या विदर्भात त्याच्या कितीतरी आधीपासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजवली होती. ठरल्या वेळी घरातून निघायचं, चालत जायचं, शेजाऱ्याशेजारी बसायचं, पाठ असलेलं म्हणायचं, खंजिरीवर नवी चाल धरायची. चौदापैकी किती कारणांवर हा एकच इलाज चालतो ते वाचकांनी मोजावं. महाराजांच्या मनात स्मृतिभ्रंश नव्हता; गाव होतं. एसटी महामंडळाच्याही मनात तो नसणार, पण २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि एकटेपणावर याहून मोठा कार्यक्रम राज्यात दुसरा नसेल. रेल्वेवाले बापू रामटेकला जातात, मोझरीला जातात, काही काम नसताना काटोलला जाऊन येतात. आयुष्यभर रेल्वेचं खाल्लं आणि म्हातारपणी एसटीचे झाले. आमच्यातल्या निम्म्यांचा जन्म एक जुलैचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. त्यामुळे दर जुलैत फुकट प्रवासाला पात्र झालेल्यांचा एक जथाच निघतो.

हवेबद्दल आम्ही फार बोललो नाही. पलीकडे कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत. ड्रॅगन पॅलेसच्या रस्त्याने पहाटे कितीही चाललं तरी त्या चिमण्या काही मंडळाच्या ठरावाने विझणार नाहीत. यादीत वायुप्रदूषणाचे तीन टक्के आहेत. त्यांचा जाब म्हाताऱ्यांना विचारू नये.

सभेत मागे एक तरुण उभा होता. आमच्या गुरुजींचा मुलगा. गुरुजी गणिताचे. विडी-सिगारेट नाही, महादेव घाटापर्यंत रोजचं चालणं, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनाने सोडवायचे. त्यांना हा आजार झाला आहे. मुलाने विचारलं, "बाबांनी तर हे सगळंच केलं होतं. मग त्यांचं चुकलं काय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "अर्ध्याहून जास्त कारणं अजून आपल्या कुणाच्याच हातात नाहीत. आपण धोका कमी करतो. खात्री कुणालाच देता येत नाही."

चौदा कारणांचा तक्ता कुणी भिंतीवर लावणार असेल तर त्याच्या खाली हे उत्तर त्याहून मोठ्या अक्षरांत लावावं, असं माझं मत आहे. नाहीतर रोग झालेल्या माणसाच्या घरी समाचाराला जाणारे लोक बदामाचा हिशोब विचारून येतील. गुरुजी मंडळात अजून येतात. रोज कुणीतरी त्यांना घरून घेऊन येतं, पाळी लावलेली आहे. त्यांना आमची नावं आठवत नाहीत, म्हणून ते सगळ्यांना 'अहो' म्हणतात, आणि सगळे ओ देतात. प्रार्थना मात्र त्यांची एका अक्षराने चुकत नाही. बँकवाले अडखळले तर ते खुणेने दुरुस्त करतात. मंडळाने केलेल्या कामांत हे काम मला सर्वात मोलाचं वाटतं आणि अहवालात त्याचा उल्लेख नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितो आहे ती. भारतात साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं आणि शहरापेक्षा खेड्यांचं प्रमाण जास्त. बाईंनी हे सांगितलं आणि सभागृहाकडे नजर टाकली. नऊ बायका होत्या. त्यातल्या चार चहा करत होत्या.

येरखेड्याच्या एक आजी उभ्या राहिल्या. तरुणपणी बिड्या वळत होत्या. अजूनही बोलताना त्यांची बोटं मांडीवर काहीतरी वळत असतात. म्हणाल्या, "तुमचं मंडळ भरते सकाळी सहाले. तवा चाय कोन मांडन? नातवाचा डबा कोन भरन? माणसं इकडे हसून रायले, आन् आमी चुलीपाशी. एकटं राह्यनं रोग होये म्हनता, मंग हे तुमच्या चौदात हाय का नाही जी?"

यादीत ते होतं. एकटेपणाला पाच टक्के आहेत. फक्त एकटेपणा म्हटलं की आम्हाला पुण्या-मुंबईच्या बंद फ्लॅटमधली आजी दिसते, मुलं परदेशात असलेली. भरल्या घरात, सहा माणसांच्या स्वयंपाकात बुडालेली बाई एकटी असू शकते, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. बायकांनी आपली सोय आपण केली नाही असं नाही. भजनी मंडळ आहे, विहारातली वंदना आहे, भिशी आहे. भिशीचा हिशोब त्या कागदाशिवाय ठेवतात. कुणी कधी उचलली, कुणाचे कधीचे बाकी, सगळं तोंडी. मेंदूच्या व्यायामासाठी माझ्या नातवाने मोबाईलवर जो खेळ टाकून दिला त्यापेक्षा हा कितीतरी अवघड. पण रक्तदाब मोजणं, कान-डोळ्यांची तपासणी, मोतीबिंदूचं शिबिर, नागपूरची डॉक्टर, हे सगळं पुरुषांच्या मंडळाच्या दारात येतं, आणि ते दार सकाळी सहाला उघडून आठला बंद होतं.

वेळ दुपारी चारची करावी अशी सूचना तिथल्या तिथे आली. पुढचे दोन महिने ती 'विचाराधीन' राहिली. सुभेदारांचा आक्षेप झोपेचा होता. बँकवाल्यांना घटनादुरुस्ती लागेल असं वाटत होतं. मंडळाला घटना आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मे महिन्यात कामठीत दुपारी चारला घराबाहेर पडणं हाच आजाराचा एक प्रकार आहे, हा भाईजानचा मुद्दा मात्र रास्त होता. शेवटी तोडगा निघाला. रोजची सकाळ आहे तशी राहील, बुधवार आणि शनिवार दुपारी चार, उन्हाळ्यात संध्याकाळी सहा, आणि चहा पुरुष करतील. शेवटच्या कलमावर सर्वात जास्त चर्चा झाली.

पहिल्या बुधवारी कानांची तपासणी ठेवली. चाळीसेक बायका आल्या, आणि एरवी न येणारे पुरुषही त्यांच्या धाकाने आले. सुभेदारांच्या उजव्या कानाचा अहवाल वाचून दाखवला तेव्हा त्यांच्या सौ. म्हणाल्या, "हे मी वीस वर्षांपासून सांगून रायली." सुभेदार म्हणाले, "मग मोठ्यानं सांगायचं होतं." यंत्र आता देवघरातून निघालं आहे. ते भिशीच्या दिवशी काढून ठेवतात, पण बाकी वेळ कानात असतं. चहा अजून फिका होतो.

तुमच्या गावात असं मंडळ असेल, हास्यक्लब असेल, विरंगुळा केंद्र असेल, तर एकदा जाऊन त्याची वेळ विचारा. सकाळी सहा असेल तर तिथे किती बायका येतात तेही विचारा, आणि वेळ बदलायला सांगा. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन फुकट लागतो. सकाळी आठ ते रात्री आठ.